विश्वासावर दिलेली गाडी

जुनी मोटार दुरुस्तीला देताना आपल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते. "कागदबिगद कशाला, आमचा विश्वास आहे तुमच्यावर." ऐकायला फार गोड. पण जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्यावरून मालक आणि गॅरेजवाले यांच्यात जी भांडणे होतात आणि शिवीगाळ, पोलीस, कोर्टापर्यंत जातात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा या गोड वाक्यातच सापडते असे माझे मत आहे. मी सरकारी कचेरीतला कारकून. कागद म्हटला की लोक आमच्या नावाने बोटे मोडतात. मोडोत बापडे! आज मी कागदाची बाजू घेऊन भांडणार आहे.

आम्हा गोंयकारांना हा विषय परका नाही. १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी गाड्या सहज येत. मर्सिडीजच्या टॅक्स्या पाहून बाहेरचे लोक तोंडात बोट घालत. त्या काळातल्या काही गाड्या अजून घरामागच्या छपराखाली माडाची झावळे अंगावर घेऊन उभ्या आहेत. म्हातारी माणसे जातात, मुले पुण्या-बंगळूरला स्थायिक होतात, आणि एके दिवशी कोणाला तरी वाटते, पप्पांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणूया.

माझ्या हैदराबादच्या मावसभावाला असेच वाटले. काचीगुड्याच्या बाजूला राहतो, बँकेतून निवृत्त. वडिलांची १९६० ची ओपेल रेकॉर्ड त्याने ट्रकवर चढवून गोव्याहून हैदराबादला नेली आणि २०१९ मध्ये तिथल्या एका गॅरेजात दिली. अंदाज तीन लाखांचा, मुदत आठ महिन्यांची, सगळे तोंडी. चौकशी केली की उत्तर ठरलेले : "परसों आ जाव." हैदराबादी बोलीत परसों म्हणजे परवाच असतो असे नाही. मागचा कुठलाही दिवस परसों आणि पुढचाही कुठलाही दिवस परसोंच! २०२२ उजाडले तेव्हा साडेपाच लाख गेले होते, इंजिन खाली उतरवलेले होते आणि गॅरेजवाला आणखी पैसे मागत होता. वर गाडी ठेवल्याचे भाडे वेगळे. मावसभाऊ पोलिसांत गेला. त्यांनी सांगितले, हा दिवाणी मामला आहे. शेवटी गाडी क्रेनने ओढून आणली, सुटे भाग चार पोत्यांत.

यात गॅरेजवाला लबाड, असा निकाल घरात सगळ्यांनी देऊन टाकला. मला तो मान्य नाही. गॅरेजवाल्याची बाजूही ऐका. गाडीचा रंग मालकाने दोनदा बदलायला सांगितला. मध्येच त्याला एसी हवा झाला. पत्रा खरवडल्यावर जुन्या रंगाखाली बोटभर पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली गंज. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचा अंदाज ती उघडल्याशिवाय कोणालाच देता येत नाही. जो देतो तो एक तर नवशिका असतो, नाहीतर गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आकडा फेकतो. आणि ओपेलचा भाग काही राणीगंजच्या दुकानात फडताळावर ठेवलेला नसतो. तो शोधावा लागतो, नाहीतर लेथवर घडवून घ्यावा लागतो. त्या शोधाचे पैसे कोणी द्यायचे? तोंडी व्यवहारात याचे उत्तर नसते, म्हणून ते भांडणात शोधले जाते.

पण पैशांहून मोठा घोळ शब्दाचा आहे. गोव्यात देवळाचा "जीर्णोद्धार" म्हणजे काय होते ते आपण पाहतो. कुठे जुने लाकडी खांब जपून पुन्हा उभे करतात, तर कुठे जांभ्या दगडाच्या भिंती पाडून सिमेंटचा मंडप आणि चकचकीत लाद्या येतात. दोन्हीला नाव एकच! गाडीचेही तेच. एक काम दुरुस्तीचे, म्हणजे गाडी चालती करणे. दुसरे जतनाचे, म्हणजे जे मूळचे आहे ते राखणे. तिसरे नव्यासारखे करण्याचे, मग त्यासाठी जुने निघून गेले तरी चालेल. मालकाच्या मनात वडिलांचा हात लागलेले स्टिअरिंग असते आणि मिस्त्रीच्या मनात गुळगुळीत रंग. दोघेही "एकदम ओरिजिनल" म्हणतात आणि दोघेही मनापासून म्हणतात.

गोवळकोंड्याच्या मुलखातला मानला जाणारा कोहिनूर इंग्लंडला गेला, तेव्हा त्याला हवे तसे तेज नाही म्हणून १८५२ मध्ये तो पुन्हा पैलू पाडायला दिला. सुमारे १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला. तेज वाढले, वजन गेले, आणि राणीचा नवरा अल्बर्ट नाराज झाला. राजघराण्यालासुद्धा आपल्याला नेमके काय हवे हे कारागिराला आधी नीट सांगता आले नाही, तिथे तुमची आमची काय कथा.

हा नुसता भावनेचा प्रश्नही राहिलेला नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. क्रमांकात "व्हीए" अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मिस्त्रीने "साहेब, डिझेल इंजिन बसवतो, ॲव्हरेज चांगले देईल" म्हटले आणि मालकाने मान डोलावली, की ही वाट बंद होण्याची पाळी येते. मान डोलावली होती की नव्हती, हे नंतर कोण सिद्ध करणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा, कारण दोन्ही बाजू त्याच्या नावाने नुसत्याच गर्जना करतात. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १५१ प्रमाणे ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी आपल्या स्वतःच्या वस्तूसारखी घ्यावी लागते. कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर आपली मेहनत आणि कसब खर्च केले, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्याने उदाहरणही काय दिले आहे? पैलू पाडायला जवाहिऱ्याकडे दिलेला कच्चा हिरा! म्हणजे काम झाले आणि पैसे बाकी असले, तर गॅरेजवाल्याने गाडी अडवणे ही चोरी नव्हे. हे मालकांनी नीट ऐकावे.

आणि गॅरेजवाल्यांनीही ऐकावे. हा हक्क केलेल्या कामाच्या मजुरीपुरता आहे. न केलेल्या कामासाठी गाडी ओलीस धरता येत नाही. अडवून ठेवल्याचे भाडे मागण्याचा प्रश्न तर इंग्लंडमध्ये १८६० सालीच निकालात निघाला आहे. सोम्स विरुद्ध ब्रिटिश एम्पायर शिपिंग या खटल्यात जहाज दुरुस्त करणाऱ्याने पैशांसाठी जहाज अडवले आणि वर गोदीचे भाडे मागितले. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नाकारले. आपल्या फायद्यासाठी अडवून ठेवायचे आणि त्याचा खर्च समोरच्यावर घालायचा, हे चालणार नाही. त्याच कलम १७० मध्ये शिंप्याचेही उदाहरण आहे. कोट तयार होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असे शिंप्याने कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे आधी काय ठरले होते, यावर सगळे अवलंबून. आणि ठरलेले लिहिलेच नव्हते!

राहिला ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. परसों, परसों म्हणता दोन वर्षे कधी सरतात ते कळतही नाही.

लोक म्हणतात, कागद आला की आपुलकी जाते. गोव्यातल्या माणसाने तरी हे म्हणू नये. भाटकार आणि मुंडकार यांचे नाते पिढ्यान्पिढ्या असेच "विश्वासावर" चालले होते. झोपडीखालच्या जमिनीचा कागद नाही, आणि भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकार रस्त्यावर. १९७५ मध्ये मुंडकार संरक्षण कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. कागद नसलेला विश्वास नेहमी ज्याची बाजू वरचढ त्याच्या सोयीचा असतो. गॅरेजात तर वरचढ कोण हे मधेच बदलते. ॲडव्हान्स देईपर्यंत मालक राजा. इंजिन खाली उतरले की गॅरेजवाला राजा.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. व्यवहाराला कागद नसला की भांडण व्यवहाराचे राहत नाही, माणसाचे होते. माझ्या मावसभावाच्या घरी मिस्त्रीच्या कामाबद्दल सुरू झालेली चर्चा दहा मिनिटांत त्याच्या धर्मावर घसरली. "ते लोक असेच." तिकडे गॅरेजात आपल्याबद्दल काय बोलले गेले असेल त्याची कल्पना करा. वेल्डिंगचे बिल चुकले की बरोबर, एवढाच प्रश्न होता. त्या बिलाचा हिशेब मांडता येत नाही म्हणून दोन्हीकडची शिकली सवरली माणसे एकमेकांच्या जाती-धर्माचा हिशेब मांडू लागली. आणि असल्या कुटुंबांना आपण सुसंस्कृत म्हणतो!

हैदराबादला गेलात तर चौमहल्ला पॅलेस पाहा. तिथे निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ठेवलेली आहे. १९६७ मध्ये सातवा निजाम वारला तेव्हा साठ गाड्यांच्या ताफ्यातल्या जेमतेम चार चालू होत्या, असे विल्यम डॅलरिंपल यांनी लिहिले आहे. पैसा होता, माणसे होती, कोण कशाला जबाबदार ते मात्र ठरलेले नव्हते. पुढे राजवाड्याचे जतन झाले, २००५ मध्ये तो लोकांना खुला झाला आणि २०१० मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. वारसा नुसत्या मायेने टिकत नाही, एवढे तरी तिथे दिसते.

मोठा करारनामा नको, वकील नको. वहीची दोन पाने पुरेत. काम दुरुस्तीचे, जतनाचे की नव्यासारखे करण्याचे, हे पहिल्या ओळीत. चॅसी आणि इंजिनचे नंबर, सगळ्या बाजूंनी फोटो. पहिला टप्पा फक्त उघडून पाहण्याचा, त्याचे पैसे वेगळे. खरा अंदाज त्यानंतरच. पुढचा हप्ता मागचे काम पाहून. काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाला परत. मालकाने मध्येच काही बदलायला सांगितले तर तेही लिहून, वाढीव पैशांसह. खाली दोघांच्या सह्या. जो गॅरेजवाला सही करायला कां-कूं करतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. आणि गॅरेजवाल्यांनो, जो मालक "आमचा विश्वास आहे" म्हणत सही टाळतो, त्याची गाडी तुम्हीही आत घेऊ नका.