अंतरावरचा कारभार आणि अनुत्तरित नोंद

एक व्यापारी घर डोळ्यांपुढे आणावे. घर काल्पनिक आहे, परंतु वाचकांना ते अपरिचित वाटू नये. हळद आणि बेदाण्याची मूळ पेढी सांगलीच्या मार्केट यार्डात आहे. पंचाहत्तरी ओलांडलेले आण्णा आजही तेथे गादीवर बसतात. थोरला मुलगा वाशीच्या बाजारात असतो, धाकटा दुबईत. हिशेब पुण्यातील एक भगिनी घरबसल्या सांभाळतात आणि गोदाम पाहणारे मामा तीस वर्षांपासून पेढीवर आहेत. सर्वांना जोडणारा धागा एकच : मोबाइलवरील व्हॉट्सॲपचा गट.

एके दिवशी दुबईहून निरोप आला, ‘दोनशे पोती हळद पाठवा.’ ग्राहकाच्या मनात पंचवीस किलोचे पोते होते, म्हणजे एकूण पाच टन माल. गोदामात मात्र पोते म्हटले की पन्नास किलोचेच. दुपारी दोन वाजता मामांनी गटावर विचारले, ‘पोती पंचवीसची की पन्नासची?’ त्या प्रश्नाखाली बाजारभाव आले, एका नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, क्रिकेटचा धावफलक आला. प्रश्न वर सरकत दिसेनासा झाला. सायंकाळी ट्रक भरून निघाला तो दहा टनांचा. वाशीला माल उतरवून पुन्हा लहान पोत्यांत भरेपर्यंत जहाज सुटले. धाकटा संतापून म्हणाला, “मामांना आता झेपत नाही, माणूस बदला.” मामांनी काही न बोलता आपला मोबाइल आण्णांच्या हाती दिला. प्रश्न तेथे होता, उत्तर नव्हते.

दूर विखुरलेल्या माणसांकडून काम करून घेण्याच्या शास्त्राचे सार या एका प्रसंगात सामावले आहे. आज या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. पडद्यावरील बैठका आणि नवनवीन साधने यांची वर्णने होतात. परंतु दुखणे साधनांच्या अभावाचे नसून अनुत्तरित राहिलेल्या नोंदीचे आहे. ही गोष्ट बँकांनी फार पूर्वी ओळखली होती.

संगणकीकरणापूर्वी बँकेच्या शाखा म्हणजे एक दूरस्थ संघच होता. सांगली शाखेने नागपूर शाखेवर काही रक्कम पाठविली, की सांगलीच्या वहीत एक नोंद होई आणि टपालाने सूचनापत्र नागपूरला जाई. नागपूरने त्या पत्राला आपल्या वहीत प्रतिनोंद करून उत्तर दिले, की व्यवहार पुरा होई. तोवर ती नोंद ‘प्रलंबित’ म्हणून यादीत राही. अशा नोंदी शोधून जुळविण्याचे काम आंतरशाखा ताळमेळ या नावाने स्वतंत्रपणे चाले आणि अनुभवी अधिकारी जुन्या प्रलंबित नोंदींकडे नेहमी संशयाने पाहत, कारण चूक असो वा लबाडी, तिला लपायला तीच जागा सोयीची असते. पाठविणाऱ्याने पाठविले म्हणजे काम झाले, असे बँकेत कोणी मानीत नसे.

हा साधा नियम विसरल्याने केवढी हानी होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या मंगळयानाचे आहे. ते ११ डिसेंबर १९९८ रोजी अवकाशात झेपावले. यान बांधणारी लॉकहीड मार्टिन कंपनी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर परिसरात, तर त्याचा मार्ग आखणारी नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे. देश एक, भाषा एक आणि घड्याळात फरक अवघ्या एका तासाचा. तरीही कंपनीच्या संगणक-कार्यक्रमातून इंजिनांच्या धक्क्याचे जे आकडे येत, ते पौंडांच्या जुन्या इंग्रजी मापात होते. प्रयोगशाळा मात्र ते मेट्रिक पद्धतीतील न्यूटनचे आकडे समजून गणित करीत होती. मेट्रिक माप वापरण्याचे लेखी ठरलेले होते. दोन्ही मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक असतो. दोनशे पोत्यांचा आणि या यानाचा घोटाळा मुळात एकच.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या मागे गेले आणि त्याचा संपर्क कायमचा तुटला. सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जाण्याचा बेत होता; मागाहून केलेल्या गणिताप्रमाणे ते केवळ ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले होते आणि ८० किलोमीटरच्या खाली त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. या प्रसंगातील सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. आकडे जुळत नाहीत, अशी शंका मार्ग आखणाऱ्यांना प्रवासाच्या काळातच आली होती. ती त्यांनी अनौपचारिकपणे, ई-मेलद्वारे बोलूनही दाखविली होती. परंतु अशा शंकांसाठी नेमून दिलेल्या रीतीने ती नोंदली गेली नाही, म्हणून तिचा निकाल लावण्याची जबाबदारी कोणावर पडली नाही. चौकशी मंडळाने मापांच्या चुकीइतकेच बोट दोन गटांमधील अपुऱ्या संवादावर ठेवले. मामांचा प्रश्न जसा शुभेच्छांखाली बुडाला, तशीच ही शंकाही बुडाली.

दुसरे उदाहरण ‘गिटलॅब’ या संगणकप्रणाली बनविणाऱ्या कंपनीचे आहे. एकत्र बसण्याचे कार्यालय नसलेली, अनेक देशांत घरी बसून काम करणाऱ्या माणसांची ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या एका अभियंत्याने, थकलेल्या अवस्थेत, दुय्यम संगणकावरील माहिती पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य संगणकावर दिली. चूक एक-दोन सेकंदांत ध्यानी आली. पण तेवढ्यात सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ साडेचार गिगाबाइट माहिती उरली होती. माहितीची प्रत जपून ठेवण्याचे पाच मार्ग योजलेले होते. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा एकही भरवशाचा निघाला नाही. त्यांतील एक मार्ग संगणकप्रणालीच्या दोन आवृत्त्यांचा मेळ न बसल्याने बंद पडला होता. बंद पडल्याची सूचना देणारे ई-मेल निघत होते, परंतु ते पोहोचण्याआधीच टपालव्यवस्थेकडून नाकारले जात होते. हे कोणाला कळले नाही, कारण ती सूचना आली की नाही हे पाहण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या एका कामासाठी हाताने घेतलेली प्रत शिल्लक होती; तिच्यावरून कारभार पुन्हा उभा राहिला. मधल्या सहा तासांतील काम मात्र गेले.

पुढे कंपनीने जे केले, ते व्यापारी घराण्यांनी विशेष लक्षात घ्यावे. दुरुस्तीचे काम चालू असतानाच तिच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या. नंतरच्या अहवालात चूक करणाऱ्याचे नाव छापले नाही. चूक कोणी केली, यापेक्षा ती होऊ कशी शकली, हा प्रश्न विचारला गेला. मोठेपणाबरोबर यात व्यवहारही होता. चुकणाऱ्याला फासावर चढविणाऱ्या पेढीत दूरची माणसे चूक लपवितात आणि शेकडो मैलांवर लपविलेली चूक मालकाला वर्षअखेरच्या ताळेबंदातच दिसते.

अंतरावरचा कारभार आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. हुंडीची पद्धत पाहावी. हुंडी लिहून देणारा ती स्वीकारणाऱ्या आडत्याला वेगळे सूचनापत्रही धाडीत असे. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. रक्कम चुकती झालेली हुंडी खोखा म्हणून जपून ठेवली जाई. म्हणजे निरोप वाटेत हरवणारच, हे गृहीत धरून त्या लोकांनी कारभार आखला होता. आज निरोप क्षणात पोहोचतो, म्हणून तो समजलाही असेल, असे आपण धरून चालतो. पोहोचणे आणि समजणे यांतील अंतर मात्र तंत्रज्ञानाने कमी केलेले नाही.

हे अंतर संस्कृतीभेदाने वाढते. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘बियाँड कल्चर’ या ग्रंथात दोन प्रकारचे समाज सांगितले : काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, तर काहींत तो शब्दांच्या भोवती, म्हणजे नात्यात, प्रसंगात, मौनात असतो. डच किंवा जर्मन ग्राहक ‘हे जमणार नाही’ असे तोंडावर सांगतो. तो अपमान नसून त्याच्या दृष्टीने प्रामाणिकपणा असतो. जपानी व्यापाऱ्याचे ‘हाय’ पुष्कळदा ‘ऐकले’ एवढेच सांगते, ‘मान्य आहे’ असे नव्हे. आणि आपले ‘बघू’? ते नकाराचे किती सौम्य रूप आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. परदेशी माणसाला मात्र ते होकारासारखे ऐकू येते. शिवाय आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे ‘समजले नाही’ म्हणण्याचा संकोच असतो. समोरासमोर तो चेहऱ्यावर दिसतो. फोनवर दिसत नाही.

समोरासमोर असण्याचे मोलही मोजले गेले आहे. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी अभियंत्यांच्या बोलण्याचा अभ्यास करून दाखविले, की दोन माणसांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढले की त्यांच्यातील कामाचे बोलणे झपाट्याने घटते आणि काही दशक मीटरनंतर ते अगदी थोडे उरते. १९७७ साली त्यांचा ग्रंथ आला. एका इमारतीत ही स्थिती, तर सांगली आणि दुबईचे काय? दूरच्या माणसांत बोलणे आपोआप होत नाही, ते ठरवून घडवावे लागते.

ठरवावयाच्या गोष्टी फार नाहीत. पहिली, मापे. पोते किती किलोचे, रक्कम लाखात की मिलियनमध्ये, ०४/०५ म्हणजे चार मे की अमेरिकी रीतीने पाच एप्रिल, हे एका कागदावर लिहून सर्वांकडे असावे. महिना अक्षरांत लिहावा. दुसरी, घड्याळ. दुबई आपल्यामागे दीड तास, हाँगकाँग आपल्यापुढे अडीच तास. लंडन उन्हाळ्यात साडेचार व हिवाळ्यात साडेपाच तास मागे. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. रात्री जागण्याची पाळी सदैव एकाच माणसावर येऊ नये. सुट्ट्यांचेही तसेच. संयुक्त अरब अमिरातीच्या केंद्र सरकारने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी पद्धत स्वीकारली. जुन्या सवयीने शुक्रवारी पूर्ण सुटी धरणारा आणि रविवारी उत्तराची वाट पाहणारा, दोघेही फसतात.

तिसरी गोष्ट, धनी. प्रत्येक कामाला एकच उत्तरदायी माणूस असावा. सर्वांना विचारलेला प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. चौथी, बँकेत रुळलेली रीत : एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी. यात अविश्वास नाही. दोघांचेही त्यात संरक्षण आहे. पाचवी, भेट. वर्षातून एकदा तरी सर्वांनी एका पंगतीला बसावे. जो माणूस एकदा शेजारी जेवला आहे, त्याला रात्री फोन करून ‘मला हे कळले नाही’ म्हणणे सोपे जाते.

सांगलीच्या त्या घरात आण्णांनी कोणताही नवा संगणक-कार्यक्रम विकत घेतला नाही. मागण्यांसाठी वेगळा गट झाला. त्यात शुभेच्छांना मज्जाव. मागणीत पोत्यांची संख्या, प्रत्येक पोत्याचे वजन, एकूण वजन, तारीख आणि उत्तर देणाऱ्याचे नाव, एवढ्या पाच ओळी असल्याच पाहिजेत. शंकेला नाव घातलेल्या माणसाने ‘पक्के’ असे लिहिल्याशिवाय ट्रक हलवावयाचा नाही, मग जहाज सुटले तरी चालेल. आणि रोज सायंकाळी सहा वाजता पुण्याच्या भगिनी अनुत्तरित प्रश्नांची यादी आण्णांकडे पाठवितात.

राहिला प्रश्न मामांचा. आण्णांनी धाकट्याला दुबईला फोन लावून एवढेच विचारले, “त्या दिवशी दुपारी दोनला मामांचा प्रश्न तू वाचला होतास का?” पलीकडून उत्तर यायला थोडा वेळ लागला. “वाचला होता, आण्णा. थोरला उत्तर देईल, असं वाटलं.” त्याच रात्री धाकट्याने मामांना स्वतः फोन केला. मामा अजून गोदामावर आहेत. ट्रक थांबविण्याचा अधिकार आता त्यांना लेखी दिला आहे आणि वर्षभरात त्यांनी तो दोनदा वापरला. दोन्ही वेळा आण्णांनी कारण विचारण्याआधी त्यांना चहा पाजला.