कात्री लावण्याआधी

“गोधडी शिवणाऱ्या बाईला कॉम्प्युटर कशाला लागतो?” गोधडीचे डिझाइन करणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. घरच्यासाठी गोधडी शिवायची असेल तर खरोखर काही लागत नाही. अम्मीची जुनी साडी, अब्बांची लुंगी, विटलेल्या ओढण्या एकावर एक अंथरायच्या आणि धावदोरा घालत जायचे. आपला खानदेश कापसाचा मुलूख. पिंजारी कारागिरांनी पिंजणीवर कापूस पिंजून इथल्या घरांना गाद्या-रजया भरून दिल्या, त्यासाठी कोणी नकाशा काढला नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हलियाळ, येल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्यात मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आणि हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. कडेपासून सुरुवात करून, फेऱ्यावर फेरे घेत त्या मध्यावर येतात. चार कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांचे ‘फुला’ लावतात. आधी रेखाटलेले काही नसते, सगळा आराखडा डोक्यात आणि बोटांत असतो.

मग सॉफ्टवेअर लागते कधी? गोधडी दुसऱ्यासाठी, नव्या कापडाची, ठरलेल्या मापाची आणि आधी भाव सांगून शिवायची असते तेव्हा. तिथे अंदाज चुकला तर नुकसान शिवणारीच्या पदरात पडते.

एक हिशोब करून पाहू. गोधडी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब हवी आहे. १० इंचांचे चौकोन घेतले तर ६ ओळी गुणिले ९, म्हणजे ५४ चौकोन होतात. दोन रंग आलटून पालटून लावले तर प्रत्येकी २७. आता १० इंचांचेच चौकोन कापले आणि जोडताना प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाईत गेले, तर प्रत्येक चौकोन साडेनऊ इंचांचा उरतो. पूर्ण गोधडी भरते ५७ बाय साडेपंच्याऐंशी. रुंदीत ३ इंच आणि लांबीत साडेचार इंच कमी. म्हणून माया धरून साडेदहा इंचांचा चौकोन कापावा लागतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात असे ४ चौकोन एका पट्टीत बसतात. २७ चौकोनांना ७ पट्ट्या, म्हणजे साडेत्र्याहत्तर इंच कापड. दुकानात दोन मीटर मागायचे. पन्हा ३६ इंचांचा असेल तर पट्टीत ३च बसतात आणि तेच काम सुमारे २ मीटर ४० सेंटिमीटरवर जाते. हा फरक कापड फाडून घेण्याआधी कळला तर भाव बरोबर सांगता येतो.

गोधडीचे सॉफ्टवेअर मुळात हेच काम करते. ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’ हे अमेरिकेत १९९१ साली आलेले सॉफ्टवेअर फक्त याच कामासाठी बनवलेले आहे. त्यात डिझाइन मांडता येते, कापडाचा अंदाज निघतो आणि कापायचे नमुने छापता येतात. मात्र ते विकत घ्यावे लागते. ‘इंकस्केप’ हे चित्र काढण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि नवशिक्यांना पुरेसे आहे. कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवरच्या हिशोबाच्या शीटमध्येही काम भागते. रकाने चौकोनी करायचे, ६ आडवे, ९ उभे. प्रत्येकात रंग भरायचा आणि रंगासाठी एक अक्षर लिहायचे: लालला ‘ल’, निळ्याला ‘न’. ‘काउंटइफ’ हे सूत्र कोणत्या रंगाचे किती चौकोन लागतील ते मोजून देते.

शिकताना सगळी बटणे एकदम दाबून पाहू नयेत. वर्गात आपण पहिलीच्या मुलाला एकाच दिवशी सगळी बाराखडी देत नाही. पहिल्या संध्याकाळी ग्रिड चालू करून एकच चौकोन काढा. दुसऱ्या संध्याकाळी तो कर्णावर दुभागून दोन रंग भरा. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या चार प्रती करा, प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा ९० अंशांनी जास्त फिरवून एकमेकींना जोडा. समोर भिंगरी तयार! चौथ्या संध्याकाळी ती भिंगरी गोधडीभर मांडा. मशिदीच्या दगडी जाळीत एकच आकृती पुन्हा पुन्हा येऊन सगळी खिडकी भरते, तोच हा हिशोब आहे. इंकस्केपमध्ये प्रतींऐवजी ‘क्लोन’ केले तर मूळ चौकोन बदलताच सगळे बदलतात. एक लक्षात ठेवा: असे त्रिकोण जोडून १० इंचांचा चौकोन हवा असेल, तर कर्णावर कापायचा कापडी चौकोन १० इंच ७ सूत घ्यावा लागतो.

पडद्याला कापड मात्र कळत नाही. जुन्या साडीचा कोणता भाग विरला आहे, तिरके कापलेले सूत किती ताणते, लाल रंग पहिल्या धुण्यात पांढऱ्यावर उतरेल का, हे हातालाच विचारावे लागते. म्हणून हे काम एकटीचे नाही. कितीतरी घरांत मुलीचे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र फाईलमध्ये पडून असते आणि त्याच खोलीत आई नगावर मिळणाऱ्या मजुरीत शिवत बसलेली असते. माऊस मुलीच्या हातात आहे, कापड आईच्या बोटांत. दोघींनी एका पडद्यासमोर बसायला हवे.

त्यात पैशाचाही प्रश्न आहे. नमुना दुसऱ्याचा असेल तर शिवणारीला टाक्यांचे पैसे मिळतात. नमुना तिचा असेल, त्याचे चित्र, कापडाचे माप आणि लागणारे दिवस एका कागदावर मांडलेले असतील, तर तिला बसून भाव ठरवता येतो. तो कागद तिच्या नावाने, तारीख घालून जपून ठेवायचा आणि ऑर्डर पक्की होईपर्यंत पूर्ण मापे कोणाला पाठवायची नाहीत. ग्राहकाला चित्र पुरते.

या महिन्यात एवढेच करा. घरातली सर्वांत जुनी गोधडी उन्हात घालाल तेव्हा तिचे एक कोपऱ्याचे डिझाइन शीटमध्ये उतरवा. ती कोणी शिवली, कापड कशाकशाचे होते, हे खालच्या रकान्यात लिहा. सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.