तक्त्यातला पहिला नंबर

मागच्या रविवारी गावी, मासवणला होतो. चुलतभाऊ डिप्लोमाला आहे. पुस्तकातला तक्ता पुढे करून म्हणाला, "दादा, लोखंड-कोबाल्टचा मिश्रधातू चुंबकीयतेत सगळ्यात वर आहे. मग आपल्या सूर्या नदीवरच्या पंपांच्या मोटारीत तो का नाही घालत?"

प्रश्न एकदम फर्स्टक्लास! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला तो पडला नव्हता. आम्ही आकडे पाठ करून मोकळे.

आकडे खरेच आहेत. शुद्ध लोखंडाची कमाल चुंबकीयता साधारण २.१५ टेस्ला, कोबाल्टची १.८. पण लोखंडात ३५ टक्के कोबाल्ट मिसळलं की ती २.४ पर्यंत जाते! गंमत म्हणजे कोबाल्टचा अणू फारसा बदलत नाही. त्याच्या शेजारामुळे लोखंडाच्या अणूचंच बळ वाढतं.

मग मोटारीत का नाही? एक तर कोबाल्ट महाग, जगातलं बहुतेक काँगोच्या खाणींतून येतं. पंप जमिनीवर बसलेला, त्याचं वजन कमी करून मिळणार काय? तिथे सिलिकॉन घातलेल्या पोलादाच्या पत्र्या बऱ्या. विमानातल्या जनरेटरमध्ये मात्र किलो-किलोला किंमत, म्हणून तिथे हाच मिश्रधातू चालतो. आणि पलीकडे तारापूरला १९६९ पासून अणुवीज होते ना, तसल्या अणुभट्टीच्या गाभ्याजवळ तर कोबाल्ट शक्यतो टाळतातच. न्यूट्रॉन शोषून त्याचं किरणोत्सारी कोबाल्ट-६० होतं.

आता आमच्या धंद्यातली हार्ड डिस्क घ्या. तिच्या लिहिणाऱ्या हेडच्या टोकाला याच मिश्रधातूचा पातळ थर असतो. एवढ्याशा थराला कोबाल्टचा भाव कोण विचारतो? पण नुसता थर चढवला तर तो हट्टी निघतो, चुंबकीय दिशा चटकन बदलत नाही. खाली दुसऱ्या धातूचा योग्य थर दिला की वळणावर येतो. २.४ या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझं मत : परीक्षेत "सर्वात जास्त कोणाची?" एवढंच विचारू नका. "कुठे वापराल, कुठे नाही, आणि का?" हे विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर गूगल देतं, दुसऱ्यासाठी इंजिनिअर लागतो.

असो. भावाची तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. हा प्रश्न सरांना विचारला तर मार्क जातील का, अशी त्याला भीती वाटते. मी म्हटलं, विचार बिनधास्त. गेले तर दोन मार्क जातील.