गरम घास कुणाचा?

लेकीकडे लॉस एंजेलिसला गेले होते तेव्हाची गोष्ट. "आई, आज तुला सुशी खायला नेते," असं ती म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला. आम्ही रत्नागिरीकडचे, मासे रोजचेच. पण कच्चे? आमच्याकडे ते फक्त मांजर खातं!

दुकान कसलं, एक लांबलचक लाकडी काउंटर. बाहेरच्या बाजूनं दहा-पंधरा खुर्च्या, आत उभे आचारी. आपण कागदावर खुणा करायच्या आणि समोर बघत बसायचं. आचारी नोरीचा, म्हणजे वाळवून भाजलेल्या समुद्री शेवाळाचा पापडासारखा कुरकुरीत कागद घेतो, त्यावर व्हिनेगर लावलेला कोमट भात पसरतो, वर मासा, आणि गुंडाळी करून थेट आपल्यापुढे धरतो. हा हँडरोल. जपानीत तेमाकी. हातानं खायचा आणि लगेच खायचा, कारण भाताच्या ओलाव्यानं नोरी बघता बघता मऊ पडते, मग चामट लागते. म्हणून सगळे एकदम देत नाहीत. पहिला संपला की दुसरा.

मी खेकड्याचा मागवला, तो शिजवलेला असतो म्हणून. (नंतर धीर करून सामनचाही खाल्ला. खरं सांगते, वास नाही की काही नाही, अगदी लोण्यासारखा!) पण चवीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं मला भरून आलं. कुणीतरी माझ्यासाठी उभं राहून करतंय, माझा घास संपायची वाट बघतंय आणि मी बसून खातेय. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तव्यावरचं पहिलं घावन माझ्या ताटात पडल्याचं काही आठवेना.

हेच काम घरात असलं की बाईचं, आणि पगार नि मान मिळायला लागला की पुरुषाचं! जपानमध्ये सुशीच्या काउंटरमागे बायकांना वर्षानुवर्षं उभं करत नव्हते. का, तर म्हणे बायकांचे हात गरम असतात, मासा बिघडतो. पाळीमुळे चव नीट कळत नाही, असंही म्हणणारे होते. लोणच्याच्या बरणीला हात लावू न दिलेल्या आपल्यासारख्यांना हे नवीन नाही. अखेर २०१० साली टोकियोच्या अकिहाबारा भागात बायकांनीच चालवलेलं सुशीचं दुकान निघालं.

आणि ती नोरी तरी कुणामुळे मिळते? दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधलं नोरीचं पीक बुडत चाललं होतं. तिचं बी येतं कुठून, हेच तिथल्या लोकांना ठाऊक नव्हतं. नोरीचं बालपण शिंपल्यांत जातं, हे १९४९ साली दाखवून दिलं कॅथलीन ड्र्यू-बेकर या इंग्रज बाईंनी. लग्न झालं म्हणून मँचेस्टर विद्यापीठातली त्यांची नोकरी गेलेली, संशोधन बिनपगारी. कुमामोतो भागात १९६३ साली तिथल्या लोकांनी त्यांचं स्मारक उभारलं. बाई मात्र १९५७ सालीच गेल्या, जपान न बघताच.

घरी येताना लेक सांगत होती, जपानी घरांत हँडरोल एकानं करून सगळ्यांना घालायचा नसतो. मधोमध भात, नोरी, मासे, काकडी मांडतात आणि ज्यानं त्यानं आपापला गुंडाळायचा. आईसुद्धा सगळ्यांबरोबर बसते.

ते डोक्यात ठेवूनच परत आले. पहिल्याच रविवारी घावनांचं पीठ भिजवलं, शेगडी आणि बिडाचा तवा सरळ जेवायच्या टेबलावर आणून ठेवला आणि बसले. "आज ज्याचं त्यानं घालायचं." सासूबाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा तव्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. ह्यांचं पहिलं घावन तव्याला चिकटलं, उलटताना त्याचे चार तुकडे झाले. त्यातला एक त्यांनी मुकाट्यानं माझ्या ताटात टाकला. चटका बसला जिभेला!