रबरी होडीचा व्हॉल्व्ह

पावसाळा तापला की सांगलीत दोनच चौकश्या चालतात : आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, आणि होडी कोणाकडे आहे? तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. पुढल्याच वर्षी आमच्या गल्लीच्या मंडळाने वर्गणी काढून रबरी होडी घेतली, आणि घरात हत्यारांची पेटी आहे एवढ्या पात्रतेवर तिची देखभाल माझ्या गळ्यात घातली.

यंदा मे महिन्यात होडी फुगवून अंगणात ठेवली. सकाळी बघतो तो डावी बाजू पार खपाटीला गेलेली! ‘पंक्चर!’ पोरांनी निकाल देऊन टाकला. पण हवा गेली म्हणजे पंक्चरच, असे नव्हे. पहाटेच्या गारव्याने हवा आकसते आणि होडी थोडी मऊ लागते. तो दोष नाही. ही मात्र साफ बसली होती. साबणाचे पाणी कापडावर आणि सांध्यांवर फिरवले. एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हवर ओतले मात्र, फेस उसळू लागला.

पोरांनी टोपण आवळले, तसा फेस थांबला. “झालं की काका! कशाला खर्च?” टोपणाने हवा राहते, हे खरे. पण पुरात, अंधारात, उतरणाऱ्याचा पाय लागून तेच टोपण निघाले तर? शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना २०१९ साली गॅलरीतून होडीत उतरवले होते, ते या पोरांनीच. मी एवढेच विचारले. खर्च मंजूर झाला.

व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो. पंपाच्या हवेने तो उघडतो, आणि आतली हवा त्याला मिटवून धरते. त्याखाली वाळूचा कण अडकला तरी हवा निसटते, म्हणून आधी धुऊन पाहावे. आमचा पडदा कडेला चिरला होता. नवा व्हॉल्व्ह त्याच बनावटीचा मागवावा, कारण सगळ्यांचे आटे सारखे नसतात. पानाही त्याच्याच खाचांत बसणारा हवा. पकडीने खाचा तुटतात.

खरी कसोटी पुढेच. व्हॉल्व्हचे दोन भाग. एक होडीच्या पोटात, दुसरा बाहेरून त्यात फिरवलेला, आणि मध्ये कापड चिमटलेले. हवा सगळी सोडायची, कापडावरून आतला भाग घट्ट धरायचा आणि बाहेरचा उलटा फिरवायचा. आतला हातून सुटला, तर लेंग्याची नाडी आत जावी तसा गडप होतो. मग कापड चाचपत त्याला भोकापाशी आणत बसा! धरण्याचे काम मी सौ.कडे दिले. नाड्या ओवण्यात तिचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही.

भोकाभोवतीचा गाळ पुसला. नवा भाग आधी नुसत्या हाताने बसवला, कारण आटे तिरपे चढले की सगळाच घोळ. मग पान्याने आवळला. तेल-ग्रीस लावले नाही, रबराला ते मानवत नाही. होडी टणक भरून, टोपण मुद्दाम काढून चोवीस तास ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाबून पाहिली. जशीच्या तशी!

पाना मात्र दोरीने होडीलाच बांधून टाकला आहे. मंडळाच्या खोलीत ठेवलेली वस्तू वेळेला सापडली, असे अद्याप घडलेले नाही.