लेकरू मांडीवर नको, त्याच्या सीटवर बसवा

मच्छीमार बंधू-भगिनींनो, आता आपल्यातल्या काही घरांत डोंग्यासोबत चारचाकीही आली. आनंदच आहे. पण राजेगावहून बाघ नदीचा पूल ओलांडून गोंदियाला जाताना लेकरू पुढच्या सीटवर आईच्या मांडीत असतं, हे आम्हाला पटत नाही.

"मी घट्ट धरून बसते," असं घरोघरी ऐकतो. भरलं जाळं ओढणारे हातही इथं पुरत नाहीत. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी आदळून एकदम थांबली, तर 10 किलोच्या लेकराला धरून ठेवायला शंभर किलोहून जास्त वजन पेलण्याइतका जोर लागतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम मागाहून. आधी लेकराची कन्व्हर्टिबल सीट. लहान असताना ती गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावायची, मोठं झालं की तीच पुढे तोंड करून. एकदाच खर्च, कित्येक वर्षं काम.

घेताना वयापेक्षा वजन-उंची बघा. आपल्याच गाडीत लावून पाहा, डगमगायला नको. मागे तोंड असलेली सीट एअरबॅगसमोर कधीच लावू नका. अपघातातली जुनी सीट फुकट मिळाली तरी नको.

2019 च्या कायदा-दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना बसवल्यास 1000 रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीनं नको. डोंगा उलटायची वाट न बघता आपण पोरांना पोहणं शिकवतोच ना? हेही तसंच समजा.