आत्याची किडनी आणि अर्धी गोळी



मागच्या महिन्यात सोलापूरहून आतेभावाचा फोन आला. क्रिएटिनिन वाढलंय म्हणाला. आठ वर्षांपूर्वी आत्याने त्याला स्वतःची किडनी दिली होती. बरंच खोदून विचारल्यावर कळलं, की पोरांच्या फिया भरायच्या म्हणून हा पठ्ठ्या वर्षभर गोळी अर्धी करून घेत होता. महिन्याला आठ हजारांच्या गोळ्या. मला एका शब्दाने बोलला असता तर! पण मागायचं कसं, म्हणून गप्प बसला.

इथे युट्रेख्टला माझ्या ओळखीत एक डच गृहस्थ आहेत, त्यांनाही किडनी बसवलेली. गोळी तीच, टॅक्रोलिमस. पण वर्षाचा ठरलेला स्वहिस्सा भरला की पुढचं सगळं विम्यातून. त्यांना गोळी अर्धी करायचा विचार सुचणारच नाही.

गोळी लागते ती का, हे बहुतेकांना माहीत असेल. आपल्या टी-पेशी आत्याच्या किडनीला परकं समजतात, आपली संख्या वाढवतात आणि हल्ला करतात. गोळी ही वाढ रोखते, पण सरसकट. म्हणून जंतुसंसर्ग होतात, काही कॅन्सरचा धोका वाढतो, आणि गंमत म्हणजे टॅक्रोलिमस त्या किडनीलाच हळूहळू इजा करतं.

यावर एक वेगळा उपाय शोधला जातोय. शरीरात काही टी-पेशी शांतिदूताचं काम करतात, बाकीच्यांना आवरतात. रुग्णाच्या रक्तातून त्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवा जीन घालायचा आणि परत शरीरात सोडायच्या. त्या जीनमुळे त्या नव्या किडनीवरची खूण ओळखतात आणि तिथेच पहारा देतात. म्हणजे दंगा फक्त त्या गल्लीत आवरायचा, सगळ्या गावात संचारबंदी नाही.

२०२२ मध्ये युरोपात किडनीच्या रुग्णाला अशा पेशी पहिल्यांदा दिल्या गेल्या. दात्याच्या पेशींवर एचएलए-ए२ ही खूण आहे आणि घेणाऱ्याच्या नाही, अशा जोड्यांसाठी ही चाचणी होती. पण २०२३ च्या अखेरीस सांगामो या कंपनीने या कामात नवा पैसा घालणं थांबवलं आणि मेंदूच्या आजारांकडे मोर्चा वळवला. कंपनीला दोष देत नाही, तो तिचा धंदा आहे. पण म्हणूनच हे काम एकट्या कंपन्यांवर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कोणी करावं? माझ्या मते मुंबईने. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी रक्ताच्या कॅन्सरवर जीन घातलेल्या टी-पेशींचा उपचार उभा केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पाश्चात्त्य देशांत याला कोट्यवधी रुपये पडतात, इथे चाळीस लाखांच्या आसपास. तिथे पेशींना मारायला शिकवलं, इथे आवरायला शिकवायचं. जीन घालायची विद्या बरीचशी तीच. शिवाय आपल्याकडे बहुतेक किडन्या जिवंत नातेवाईक देतात. ऑपरेशनची तारीख आधी ठरते, त्यामुळे पेशी तयार करायला लागणारे आठवडे हाताशी असतात. अपघातात गेलेल्या दात्याच्या बाबतीत ही सवड कुठली?

आता दुसरी बाजू. कॅन्सरच्या रुग्णापुढे मरण उभं असतं, तो धोका पत्करतो. किडनीवाल्याकडे गोळी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन उपचाराच्या चाचणीत दगावला, हे विसरून चालणार नाही. शांतिदूत पेशी उलटून हल्लेखोर होतील, अशीही भीती आहे. आणि हिशोब? चाळीस लाखांत आतेभावाच्या चाळीस वर्षांच्या गोळ्या येतात! तेव्हा हा उपचार स्वस्त पडेल म्हणून नव्हे, तर एका माणसाला एकच किडनी जन्मभर पुरावी म्हणून करायचा. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. आत्याकडे द्यायला तिसरी किडनी नाही.

तोवर काय? सरकारने या गोळ्या जन्मभर फुकट द्याव्यात. संशोधनाला दहा-पंधरा वर्षं लागतील, किडनी तेवढी थांबत नाही.

आणि आपण? आपल्यापैकी बरेच जण गणपतीला, लग्नाला पैसे पाठवतो. घरात कोणाचं प्रत्यारोपण झालं असेल तर एवढंच विचारा, "गोळ्या पुऱ्या घेतोस ना रे?" मी आठ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आतेभावाच्या गोळ्यांचं आता मी बघतो. क्रिएटिनिन अजून पूर्ण खाली आलेलं नाही.

असो. मी डॉक्टर नाही, तेव्हा चू. भू. द्या. घ्या. जाणकारांनी जरूर कान पकडावा.

आपला,
एक युट्रेख्टकर